पहिली परदेशवारी: आठ शहरे की दोन?

वाचकाचे पत्र: आम्ही दोघे साताऱ्यात राहतो. मी बँकेतून निवृत्त झाले आहे आणि यजमान माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते. लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून मुलगी आणि जावई आम्हाला युरोपला पाठवायचे म्हणत आहेत. यजमानांनी तेरा दिवसांत आठ शहरे दाखवणारी सहल निवडून ठेवली आहे. ‘एवढ्या लांब पुन्हा कोण जाणार, होईल तेवढे पाहून घेऊ,’ असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर मी अर्धा-पाऊण तास चालू शकते, पण जिन्यांची धास्ती वाटते. आम्ही शाकाहारी आहोत, केकमधले अंडे चालते. मला गाण्याचे वेड आहे, मात्र ते आपल्या गाण्याचे. तिकडचे संगीत काही कळत नाही. एखाददुसऱ्या शहरातच निवांत राहावे असे मला वाटते. तुम्हाला जगातली कोणती शहरे आवडतात, का आवडतात, आणि त्यांतले कोणते आमच्यासाठी योग्य ठरेल?

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. तुम्ही दोघांनी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये सात रात्री राहावे, तेथून आगगाडीने हंगेरीतल्या बुडापेस्टला जाऊन तीन-चार रात्री मुक्काम करावा आणि तेथूनच भारतात परतावे, असे माझे मत आहे. आठ शहरांची सहल तुमच्या गुडघ्याला सोसणार नाहीच, पण ती यजमानांच्या इतिहासप्रेमालाही न्याय देणार नाही. हा दुसरा मुद्दा त्यांना पटला, तर पहिला मांडण्याची गरजही कदाचित पडणार नाही.

शहर आवडण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. एखाद्या सकाळी यादीतले काहीही न पाहता नुसते हिंडलो, बसलो, ट्रामने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, तरी ती सकाळ फुकट गेली असे जेथे वाटत नाही, ते शहर मला आवडते. प्रेक्षणीय स्थळे कोठेही असतात; परक्या माणसाला चार दिवस तेथल्या रहिवाशासारखे वावरता येईल अशी सोय सगळीकडे नसते. या कसोटीवर माझ्या मनात चार शहरे वर राहतात. त्यांपैकी तीन मी तुम्हाला का सुचवत नाही, तेही सांगायला हवे.

लंडन मला आवडते ते तेथल्या संग्रहालयांमुळे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी दिवसभर पाय ओढत फिरावे लागत नाही. एकच दालन तासभर पाहून बाहेर पडता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते. २०२४ मध्ये तुमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात जी वाघनखे मांडली गेली, ती याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून आली होती. उत्तर लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. शाकाहारी जेवणाचीही लंडनमध्ये ददात नाही. अडचण आहे ती भुयारी रेल्वेच्या जुन्या स्थानकांची, कारण त्यांतल्या बहुसंख्य स्थानकांत पायऱ्या चुकवता येत नाहीत. बसगाड्या सोयीच्या आहेत, पण अंतरे मोठी असल्यामुळे बसमध्येच दिवस सरतो. शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, म्हणजे युरोपातले दुसरे शहर जोडायचे तर सगळा कागदपत्रांचा व्याप दोनदा.

पोर्तुगालमधले लिस्बन हे माझे मनापासून लाडके शहर. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप, त्यामागून समुद्राच्या लाटा आणि त्यानंतर आग अशा तिहेरी संकटात त्याचा मोठा भाग नष्ट झाला. त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत नदीकाठचा भाग सरळ रस्त्यांचा आखून, घरांच्या भिंतींत भूकंप सोसणारे लाकडी सांगाडे घालून पुन्हा बांधला गेला. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. ज्यांनी जुन्या गोव्यातली चर्चे पाहिली आहेत, त्यांना लिस्बनमध्ये पावलोपावली ओळखीच्या खुणा सापडतात. गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत याच शहरातून चाललेल्या सत्तेखाली होता. पण लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे आणि तेथले पदपथ लहान लहान गुळगुळीत दगडांचे आहेत, पाऊस पडला की धडधाकट माणसाचाही पाय घसरतो. नव्या गुडघ्याने तेथे जाऊ नये.

क्योतोबद्दल थोडक्यात सांगतो. ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी असलेल्या या शहरात सांजुसांगेन्दो नावाच्या लांबलचक लाकडी मंदिरात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती रांगांनी मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्या रक्षकगणांत बौद्ध धर्माबरोबर भारतातून तेथे पोहोचलेल्या देवता आहेत. यजमान तेथे दिवसभर रमतील. मात्र मंदिरामंदिरांतून पादत्राणे काढत फिरणे, अनेक ठिकाणी जमिनीवर बसणे आणि वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही मासळीचा अर्क असणे, या तीन गोष्टींमुळे तुमचा आनंद अर्धा होईल.

आता व्हिएन्ना. त्याचा मध्यभाग बहुतांशी सपाट आहे, भुयारी रेल्वेच्या स्थानकांना लिफ्ट आहेत, बहुतेक ट्रामगाड्या पदपथाच्या उंचीशी जुळणाऱ्या आहेत आणि मुख्य रस्त्यांवर, बागांत बसायला बाके आहेत. तुमच्या पत्रातला ‘अर्धा-पाऊण तास’ वाचताच मला हे शहर आठवले, कारण तेथे सलग अर्ध्या तासाहून जास्त चालण्याची वेळ तुम्हाला क्वचितच येईल.

यजमानांसाठी मात्र वेगळी बाजू मांडा. जुन्या व्हिएन्नाभोवती तट होता. सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ च्या डिसेंबरात तो पाडण्याचा हुकूम काढला, आणि तटाच्या व त्यापुढच्या मोकळ्या मैदानाच्या जागी रिंगस्ट्रासे हा पाच किलोमीटरांहून थोडा लांब वर्तुळाकार राजमार्ग आखला गेला. १ मे १८६५ रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. संगीतगृह, संसद, नगरभवन, विद्यापीठ, दोन भव्य संग्रहालये अशा इमारती पुढल्या काही दशकांत त्याच्या कडेने उभ्या राहिल्या. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंतीही पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आज आपण पाहतो त्या मोठ्या सार्वजनिक इमारती आल्या. दोन शहरांनी एकाच काळात आपला तट उतरवला आणि एकाने राजमार्ग केला, दुसऱ्याने मैदानाच्या कडेला इमारतींची रांग उभी केली, ही तुलना इतिहासाच्या शिक्षकाने प्रत्यक्ष जागेवर करण्यासारखी आहे. रिंगवरून ट्राम जातात. मधे एकदा गाडी बदलली की बसल्या जागी सारा फेरा पाहून होतो.

तट पाडण्याआधीची गोष्ट तर त्यांना अधिकच जवळची वाटेल. १६८३ च्या उन्हाळ्यात तुर्की वजीर कारा मुस्तफाच्या फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला होता आणि तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडवण्याचे काम चालले होते. १२ सप्टेंबर रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या नेतृत्वाखालील फौज काहलेनबर्गच्या डोंगरावरून खाली उतरली आणि वेढा उठला. आपल्याकडे तेव्हा छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती आणि औरंगजेब दख्खनेत येऊन ठाकला होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तट, बुरूज आणि सुरुंग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. काहलेनबर्गवर शहराची साधी बस जाते, त्यामुळे तुम्हालाही चढ चढण्याचे कारण नाही. मुख्य रेल्वेस्थानकाजवळच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात त्या वेढ्याच्या वस्तू आहेत आणि १९१४ मध्ये सारायेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तो ज्या मोटारीत बसला होता, ती मोटारही तेथेच आहे. पहिल्या महायुद्धाचा धडा वर्षानुवर्षे शिकवलेल्या माणसाने त्या मोटारीसमोर उभे राहावे, असे मला फार वाटते. आठ शहरांच्या धावपळीत तिच्यासाठी कोणी गाडी थांबवणार नाही.

तुमच्या गाण्याकडे वळतो. ‘कळत नाही’ म्हणून संकोच करू नका. आपल्याकडे मैफलीला बसणाऱ्या सगळ्यांना कोठे राग ओळखता येतात? हायडन, मोझार्ट, बेटहोव्हेन, शूबर्ट आणि ब्राम्स ही सारी संगीतकार मंडळी या एका शहरात राहिली आणि येथेच वारली. सुरुवात तुम्ही शूबर्टपासून करावी असे मी सुचवतो. १७९७ मध्ये व्हिएन्नातच जन्मलेला हा माणूस अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात सहाशेहून अधिक गीते रचून गेला, आणि ती गीते एक गायक किंवा गायिका व साथीला पियानो एवढ्याच साहित्यावर उभी असतात. कवीचे शब्द घेऊन, त्यांतला भाव सुटू न देता चाल बांधणे ही भावगीतावर वाढलेल्या कानाला सर्वांत लवकर उमजणारी गोष्ट आहे. निघण्यापूर्वी महिनाभर त्यांतली तीन-चार गीते रोज ऐका, म्हणजे तेथे कार्यक्रमात एखादे ओळखीचे निघाल्यावर जो आनंद होतो तो मिळेल.

ऐकण्याच्या जागांबद्दल थोडे तपशिलाने लिहितो, कारण येथेच प्रवाशांचे पैसे जातात. राज्य संगीतगृहात, म्हणजे श्टाट्सओपरमध्ये, स्वस्त तिकिटे उभ्याने पाहण्याची असतात आणि ती तुमच्यासाठी नाहीत. बसण्याची तिकिटे बरीच आधी काढावी लागतात. आसनासमोर छोट्या पडद्यावर शब्दांचे भाषांतर दिसत असल्यामुळे कथा समजते. तिकीट महाग वाटले तर एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांत काही संध्याकाळी आतला प्रयोग बाहेरच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात आणि समोर खुर्च्या मांडलेल्या असतात. तेथे थोडे लवकर जाऊन जागा धरावी. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑगस्टिनेरकिर्शे या चर्चमध्ये वाद्यवृंद आणि गायकवृंदासह उपासना होते. ती मैफल नव्हे, पूजा आहे, हे ध्यानात ठेवून मागच्या बाकावर शांत बसावे आणि निघताना दानपात्रात काही घालावे. जुलै-ऑगस्टमध्ये संगीतगृह बंद असते आणि ऊनही तापते, म्हणून त्या महिन्यांत जाऊ नये. रस्त्यावर मोझार्टसारखा पांढरा टोप आणि लाल कोट घालून तिकिटे विकणारे तरुण भेटतील. त्यांचे कार्यक्रम केवळ पर्यटकांसाठी रचलेले असतात. त्या पैशांत नावाजलेल्या सभागृहात मागची जागा घेणे मला बरे वाटते.

या शहरावर माझा जीव जडला तो याहून साध्या गोष्टींमुळे. कॉफीगृहात एक कॉफी मागवून दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. वर्तमानपत्रे लाकडी दांड्यांत अडकवून ठेवलेली असतात आणि कॉफीबरोबर पाण्याचा पेला न मागता येतो. ते पाणी आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचे आहे. १८७३ मध्ये पहिली आणि १९१० मध्ये दुसरी नळवाहिनी बांधून, पाणी केवळ उतारावरून वाहत शहरात पोहोचेल अशी योजना केली गेली आणि ती आजही चालू आहे. बाटलीबंद पाण्यावर एक पैसाही खर्च करू नका.

बुडापेस्टला रेल्वेने सुमारे पावणेतीन तास लागतात. डॅन्यूबच्या एका काठावरचे बुडा डोंगराळ आहे आणि दुसऱ्या काठावरचे पेस्ट सपाट. मुक्काम पेस्टमध्येच करावा. पुढे पेस्टच्या काठावरून ट्रामने जाताना पलीकडचा राजवाडा दिसत राहतो, तेवढ्याने भागते. १८९६ मध्ये सुरू झालेली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे तेथे अजून धावते, पण तिच्या जुन्या स्थानकांना पायऱ्या आहेत, म्हणून ती यजमानांनी एकट्याने पाहावी. ऊन पाण्याच्या झऱ्यांवरची सार्वजनिक स्नानगृहे हे बुडापेस्टचे खरे वैभव आहे आणि १९१३ मध्ये उघडलेले सेचेनी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. ओल्या फरश्या आणि पाण्यात उतरायच्या पायऱ्या लक्षात घेता, तुम्ही तेथे जावे की नाही, हे मात्र तुमच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनीच सांगावे.

यजमानांना बुडापेस्टऐवजी प्रागची ओढ असेल तर तेही चार तासांवर आहे. पण तेथला किल्ला उंचावर आहे आणि जुन्या शहरात खडबडीत फरसबंदी आहे, एवढे त्यांना सांगून ठेवा.

सहलीच्या बाजूनेही चार शब्द बोलणे न्यायाचे आहे. सोबत मराठी बोलणारे लोक असतात, जेवणात वरणभात मिळतो, व्हिसापासून विमानतळापर्यंतची काळजी दुसरे कोणी तरी वाहते, आणि पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला हा आधार लहान नसतो. पण तुम्ही एक काम करा. सहलीचे माहितीपत्रक घेऊन दोघांनी बसा आणि प्रत्येक स्थळापुढे ‘आत प्रवेश’ लिहिले आहे की ‘बाहेरून दर्शन’, ते पेन्सिलीने खूण करून पाहा; मग एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यातले तास मोजा. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नकाशावरचे अंतर पाहून बांधलेला अंदाज नेहमी कमी पडतो. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही: फ्लॉरेन्ससारख्या जुन्या शहरांच्या गाभ्यात पर्यटकांच्या मोठ्या बसला मज्जाव असतो. ती लांब थांबते आणि तेथून पुढे सगळ्यांच्या वेगाने, मार्गदर्शकाच्या उंच धरलेल्या छत्रीमागे चालावे लागते. ‘बसने फिरायचे, चालायचे कोठे आहे,’ असे यजमान म्हणत असतील तर त्यांना हे सांगा. आणि ‘पुन्हा कोण जाणार’ हे त्यांचे वाक्य तर दोनच शहरांच्या बाजूचे आहे, कारण एकदाच जायचे असेल तर त्या मोटारीसमोरून घाईने निघावे लागणे अधिकच वाईट.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत पोहोचायला सात-आठ पायऱ्या असू शकतात, आणि न्हाणीघरात पाय उंच उचलून आत शिरावे लागणारा टब असू शकतो. या दोन्ही गोष्टी आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्या. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध, पाव, फळे शनिवारीच आणून ठेवावीत. उपाहारगृहात चीज घातलेले श्पेट्सले (पिठाचे छोटे उकडलेले तुकडे), पालकाचे किंवा बटाट्याचे क्न्योडेल (उकडलेले गोळे), सफरचंदाचा श्ट्रुडेल (पातळ पारीत गुंडाळून भाजलेला गोड पदार्थ) हे पदार्थ तुम्हाला चालतील, पण सूप भाज्यांचे दिसले तरी ते बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी खुशाल न्या. तूप आणि कंदी पेढे मात्र नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुग्धजन्य पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे आणि साताऱ्याचे पेढे सीमाशुल्क खात्याच्या कचरापेटीत जाणे कोणाला बघवेल?

विमानाचे तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि मोठ्या विमानतळावर विमान बदलताना ती फार उपयोगी पडते. बसल्या जागी किती वेळाने उठून चालावे, हे डॉक्टरांना विचारून ठेवा आणि सांध्यात धातू असल्याचे त्यांचे पत्र हातातल्या पिशवीत ठेवा, कारण तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वाजू शकते. ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री मुक्काम असेल त्याच्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑस्ट्रियाकडे, करावा लागतो. सोबत किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतला जातो. मे महिन्यात निघायचे ठरले तर आधी संगीतगृहाचे त्या महिन्याचे वेळापत्रक पाहून तारखा पक्क्या करा आणि अर्ज फेब्रुवारीतच भरा, कारण उन्हाळी सुट्ट्यांच्या तोंडावर पुण्यामुंबईत बोटांचे ठसे देण्याची वेळ मिळणे अवघड होते.